नऊ नंबरचा डेलिया

१९ जानेवारी

ही आज लेकीकडे गेली. लेकीचे दिवस भरत आलेत. बाळंतपण उरकून, बाळाने जरा अंग धरलं की परत, म्हणजे सहा महिने. विमानतळावर मला सूचना देता देता हिची रांग दोनदा पुढे सरकली आणि दोन्ही वेळा मागच्या माणसाने हिची बॅग पायाने ढकलली. गॅसचं बटण, दूधवाला, इस्त्रीचे कपडे, गीझर. शेवटची सूचना काचेपलीकडून, हातवारे करून: बाल्कनीतला डेलिया. मी अंगठा दाखवला. टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत, नळीत रोपं वाढवण्यात, एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक कुंडी सांभाळायला सांगताना एवढे हातवारे करायची गरज नव्हती.

घर कसं शांत आहे. आज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचला, मध्ये कोणी बोललं नाही. ही वही कपाटात कोरी पडली होती. म्हटलं, रोज चार ओळी लिहाव्यात. वेळ भरपूर आहे.

२७ जानेवारी

डेलियाला पाणी घालताना आज पहिल्यांदा चष्मा लावला होता आणि कुंडी उजेडात ओढली. पानांच्या शिरांलगत पिवळी नक्षी, कडा आक्रसलेल्या. विषाणू. मोझॅक म्हणतात आमच्यात. यावर औषध नाही. एखाद्या फूलबागवाल्याने हे पान आणून दाखवलं असतं तर मी मान वरही न करता सांगितलं असतं की उपटा आणि जाळून टाका.

हा डेलिया हिच्या वडिलांच्या अंगणातला. गडद लाल, त्यावर पांढरे फटकारे, कोणी ब्रश झटकल्यासारखे. ते घर विकलं तेव्हा बाकी भावंडांनी भांडी घेतली, कपाटं घेतली. हिने वर्तमानपत्रात गुंडाळून एक कंद घेतला आणि सात तास मांडीवर धरून आणला. असा डेलिया मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही आणि मी पुष्कळ डेलिया पाहिलेत.

२९ जानेवारी

रविवारचा फोन. दहा मिनिटं. लेकीचे पाय सुजलेत, डॉक्टर म्हणतात चालायचंच.

"तुम्ही बरे ना?"

"बरा."

"आणि डेलिया?"

"मजेत."

३ फेब्रुवारी

उपाय एकच आहे आणि तो माझ्याच हातातला आहे. विषाणू झाडभर पसरतो, पण कोंबाच्या अगदी शेंड्यापर्यंत बहुधा पोचत नाही. तो शेंडा म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. भिंगाखाली तेवढाच कापायचा, टेस्ट ट्यूबमध्ये साखर-क्षार घातलेल्या जेलीवर ठेवायचा. जगला तर त्यातून नवं, निरोगी झाड. फक्त जेलीत एकही जंतू जाता कामा नये, कारण साखर त्यांनाही आवडते.

आमच्याकडे फूलबागवाल्यांच्या आठ वाणांवर हेच काम चालू आहे. मी आज नववा घुसवला. संचालकांना सांगितलं, "खासगी संग्रहातला आहे." खोटं काहीच नाही त्यात.

जेली करतात आमच्या तंत्रज्ञ ताई. एकोणीस वर्षं इथे आहेत, हाताला मोजमापाची गरज उरलेली नाही. डॉक्टरेट करायला आलेली नवी मुलगी नळ्यांवर चिठ्ठ्या लावते. तिचं नाव सगळ्यांनी 'शंका' पाडलंय, कारण तिचं प्रत्येक वाक्य "सर, एक शंका" असं सुरू होतं. शेंडे मात्र मीच कापतो. ते काम मी कोणाला दिलेलं नाही.

स्वच्छ हवेच्या पेटीसमोर बसलो. मास्क नेहमीप्रमाणे हनुवटीवर, वर ओढला की चष्म्यावर वाफ धरते आणि शेंडा दिसत नाही. आधी एक ते आठ उरकले. मग नऊ नंबर सावकाश, दार लावून. त्याला म्हटलं, बाबा रे, इज्जतीचा प्रश्न आहे. बारा शेंडे कापले. हात अजून थरथरत नाही.

१० फेब्रुवारी

बारापैकी अकरा गेले. शेंड्याभोवती दुधाळ कडं, म्हणजे जीवाणू. एक ते आठ स्वच्छ, त्रेचाळीसपैकी चाळीस. त्याच दिवशी, त्याच पेटीत, त्याच हातांनी.

बारावा दुपारी गेला.

११ फेब्रुवारी

शंकाने चिठ्ठ्या लावताना नळ्या हाताळल्या होत्या. तिला बोललो. जरा जास्तच बोललो. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सर, मी एक ते आठच्याही हाताळल्या." हे खरं आहे. पण तेव्हा मला पटलं नाही.

गीझर बिघडला. बटण कुठलं ते कळत नाही, तीन बटणं आहेत.

२४ फेब्रुवारी

दुसऱ्या खेपेचे दहाच्या दहा गेले. दोन दिवस विचार करून निदान झालं: जीवाणू बाहेरून येत नाहीत, ते झाडाच्या आतच आहेत. काही झाडांत असतात, निमूट राहतात, जेलीत आलं की फोफावतात. तसं नसतं तर फक्त नऊ नंबरच का बिघडला असता? एवढं सरळ आहे.

शंका म्हणाली, "सर, एक शंका. आतले असतील तर सगळ्या नळ्यांत एकाच जातीचे हवेत ना? इथे पांढरे, पिवळे आणि हे नारिंगी आहेत." मी म्हटलं, आधी दोन वर्षं नळ्या धुवा, मग शंका काढा. ताई जेली ढवळत होत्या, ढवळायच्या थांबल्या.

१ मार्च

नात झाली! सकाळी हिचा फोन. मागून नातीचा आवाज, चांगला खणखणीत. मी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कोणाला सांगावं सुचेना. शेजारी गावाला गेलेत. मग शेंडे कापायला बसलो, कापता कापता बरं वाटलं.

फोटो आला आहे. नाक आमच्याकडचं दिसतं.

९ मार्च

तिसरी खेप. या वेळी जेलीत प्रतिजैविक घातलं. आतले जीवाणू आता मुकाट्याने मरतील. आठ शेंडे.

कपाटाची किल्ली सापडत नाही. हिला विचारायला हवं, पण एवढ्यासाठी फोन काय करायचा. रविवारी विचारीन. रविवारी नातीचंच चालतं आणि किल्ली राहून जाते.

२० मार्च

जीवाणू मेले नाहीत, नुसते मंदावले. शेंडे मात्र औषधाने पांढरे पडून गेले. आठही.

बाल्कनीतला डेलिया खालून वाळत चाललाय. मोठ्या फांद्या मी संपवल्या. एकच धड फांदी उरली आहे आणि तिच्यावर कोंबाचे पाच डोळे. कंद उकरून पाहिला तर अर्धा मऊ लागला.

एकतीस वर्षांत मी हजारो झाडं बाटलीतून बाहेर काढली. माणसं मला फोन करून विचारतात. आणि घरातली एक कुंडी मला वाचवता येईना. हिला काय सांगू? 'मजेत' म्हणून आठ रविवार झाले.

३ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी नळ्यांच्या खोलीत गेलो. सर्वांत खालच्या फळीवर मागच्या बाजूला दोन नळ्या होत्या. जेली काचेसारखी स्वच्छ, मधे हिरवा ठिपका, त्याला दोन इवली पानं. चिठ्ठीवर ताईंचं अक्षर: नऊ नंबर, १४ मार्च.

माझं डोकंच फिरलं.

"हे कोणी कापलं?"

"मी," ताई म्हणाल्या. "तुम्ही टाकून द्यायला सांगितलेल्या फांदीवर दोन डोळे होते. वाया कशाला घालवायचे?"

"एकोणीस वर्षांत तुम्ही कधी पातं हातात धरलंय?"

"एकोणीस वर्षं बघतेय, सर."

मी नळ्या उजेडात धरल्या. औषध नाही, काही नाही, आमची साधी जेली. म्हणजे झाडात जीवाणू नव्हतेच. माझं निदान, माझी प्रतिजैविकं, आठ शेंड्यांचा जीव, सगळं फुकट गेलं.

"झाड तेच, जेली तीच, पेटी तीच. मग माझ्याच नळ्या का दुधाळ होतात?"

ताईंनी शंकाकडे पाहिलं. शंका, जी जन्मात कधी गप्प बसत नाही, ती छताकडे बघायला लागली.

"बोला ना!"

"सर," ताई म्हणाल्या, "तुम्ही बोलता."

"म्हणजे?"

"काम करताना. मास्क हनुवटीवर असतो, तोंड नळीवर असतं आणि तुम्ही बोलत असता. दार लावलं तरी बाहेर ऐकू येतं."

"मी? पेटीसमोर तोंड उघडू नका ही पाटी दारावर मी लावलीय!"

"हो, सर."

"आणि मी बोलत असेन तर एक ते आठ कसे स्वच्छ निघतात?"

"त्यांच्याशी नाही बोलत," ताई म्हणाल्या. "नऊ नंबरशीच बोलता."

मला हसायला येईना आणि रागावताही येईना. शेवटी विचारलं, काय बोलतो?

"गीझरला तीन बटणं आहेत ते. दूध उतू गेलं ते. नातीचं नाक कोणावर गेलंय ते. मागे कपाटाची किल्ली विचारत होता त्याला." ताईंनी पदराने नळी पुसली, पुसायची काही गरज नव्हती. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

४ एप्रिल

माझा विश्वास बसला नाही. पुरावा हवा. म्हणून पेटीत माझ्या तोंडासमोर जेलीची उघडी बशी ठेवली, समोर बाल्कनीतल्या डेलियाची वाळकी फांदी घेतली आणि तासभर खोटंखोटं कापत बसलो. शंकाला मागे वही घेऊन बसवलं.

मला शपथेवर विचारलं असतं तर म्हटलं असतं, मी ब्र काढला नाही. शंकाच्या वहीत: एकूण साठ मिनिटं, पैकी बोलणं अडतीस. "अगं": अकरा वेळा. खाली तिने बारीक अक्षरात लिहिलंय, "सर, शंका नाही."

अकरा वेळा "अगं" कशाला म्हटलं ते मला कळत नाही. सवय असेल.

बशी दोन दिवसांत काय दाखवणार ते मला माहीत आहे. शंकाची माफी मागितली. फेब्रुवारीची पण मागितली. ती म्हणाली, "सर, एक शंका. आता नळ्या धुवायची दोन वर्षं माफ का?"

५ एप्रिल

शेवटची फांदी, पाच डोळे. ती घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि पातं ताईंपुढे धरलं. म्हटलं, तुम्हीच कापा. मला माझ्या तोंडाचा भरवसा नाही.

ताईंनी पातं घेतलं नाही. म्हणाल्या, "तीन मी, दोन तुम्ही. तुमच्या घरचं झाड आहे." ते घरचं झाड आहे हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे नऊ नंबरला सांगितलं असणार. "पण सर, जे बोलायचं असेल ते आधी बोलून या. बाईंना फोन लावा. आम्ही थांबतो."

जिन्यात जाऊन फोन लावला.

"अहो, काय झालं? आज रविवार नाही!"

म्हटलं, काही झालं नाही. मग गीझरपासून सुरुवात केली. लाल बटण आधी दाबायचं. किल्ली शिवणाच्या डब्यात आहे. नातीला सर्दी झालीये. मधेच मी सांगून टाकलं की डेलिया मरायला टेकलाय, तो मजेत नाही, कधीच नव्हता, एकोणतीस जानेवारीपासून मी खोटं बोलतोय.

तिने नातीला लेकीकडे दिल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "ते पान मी निघायच्या आधीच पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढे हातवारे केले की काचेतून! मला वाटलं, घरात शास्त्रज्ञ आहे, त्याला दिसलं असेल. मग दर रविवारी वाट बघायचे, आज सांगतील, आज सांगतील."

"रागावलीस?"

"डेलियासाठी नाही. 'मजेत' म्हणत होतात, त्यासाठी रागावलेय." आणि लगेच, "जेवताय ना नीट?"

पन्नास मिनिटं झाली होती. तोंड कोरडं पडलं होतं, सांगायचं काही उरलं नव्हतं. वर गेलो. ताईंनी माझ्या चष्म्याच्या काचांवर साबणाचा थेंब चोळून पुसला, मग मास्क नाकावर ओढला तरी वाफ धरली नाही. एकतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगायची सोय मी ठेवली नव्हती.

ताईंनी तीन कापले. काय हात आहे! माझ्यापेक्षा हलका. मग मी दोन कापले. शंका म्हणते, एक शब्द नाही.

१९ एप्रिल

पाचपैकी चार स्वच्छ. ताईंचे तीन, माझा एक. ताईंच्या मार्चमधल्या दोन धरून सहा. सहाही हिरवे.

आता रोज सकाळी सातला फोन, कामावर निघण्यापूर्वी. लेक म्हणते, बाबा एवढं बोलतात हे तिला आजवर माहीत नव्हतं.

बाल्कनीतला डेलिया काल पूर्ण बसला. कंदही गेला. आता जे काही आहे ते नळीत आहे.

३० जून

सहा कोंबांचे तुकडे करून नव्या नळ्यांत वाढवत वाढवत चव्वेचाळीस रोपं झाली. आता सर्वांत धोक्याचा टप्पा. नळीतल्या रोपाला कोरडी हवा कशी असते ते माहीतच नसतं, बाहेर काढलं की तासाभरात मान टाकतं. म्हणून प्लॅस्टिकच्या झाकणाखाली ठेवायचं आणि झाकण रोज थोडं थोडं उघडायचं. पहिल्या आठवड्यात अकरा गेली. मी झाकण उघडायला घाबरतो. ताई येतात आणि दोन बोटं जास्त उघडून जातात.

१८ जुलै

ही आता नोव्हेंबरमध्ये येणार. लेकीची नोकरी सुरू झाली, नात पाळणाघराला लहान आहे. मी म्हटलं, काही हरकत नाही, सावकाश ये. फोन ठेवला आणि लक्षात आलं की हे पुन्हा 'मजेत'सारखंच झालं. परत फोन लावला आणि सांगितलं, हरकत आहे, पण ये सावकाश.

२६ ऑगस्ट

विषाणूची तपासणी आली. सहा शेंड्यांपैकी तिघांच्या वंशात विषाणू नाही. दोन ताईंचे, एक माझा. बाकीची रोपं जाळली. जाळताना वाईट वाटलं, पण उपाय नव्हता. सतरा निरोगी रोपं उरली, त्यातली सात कुंड्यांत लावून घरी आणली.

अहवालात शेंडे कापणाऱ्यांत ताईंचं नाव घातलं. संचालक म्हणाले, "त्या तर जेली करतात ना?" मी म्हटलं, करायच्या. आता चार वाण त्यांच्याकडे आहेत. मी डिसेंबरात निवृत्त होतो, सगळे नऊ त्यांच्याकडे जातील. संचालकांनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि सही केली.

९ ऑक्टोबर

पहिली कळी. हिला फोटो पाठवला. तिने उलट नातीच्या पहिल्या दाताचा पाठवला.

२ नोव्हेंबर

फूल उमललं. नुसतं लाल आहे.

दुसऱ्या कुंडीतलं पाहिलं, तिसऱ्या कुंडीतलं पाहिलं. तिन्ही लाल. पांढरा एक ठिपका नाही.

आता सगळं लख्ख कळतं आहे. ते पांढरे फटकारे विषाणूचेच असणार. काही फुलांत तो रंग असा मोडतो, पुस्तकात आहे, मी स्वतः शिकवलंय. म्हणजे मी रोग काढला आणि रोगाबरोबर हिच्या वडिलांचं फूलही काढून टाकलं. एखादी रोगट फांदीही मागे राहिलेली नाही, मीच जाळल्या. झाड निरोगी आहे, दणकट आहे आणि ते हिचं नाही.

फोनवर नाही सांगितलं. उद्या निघतेय ती. पण 'मजेत' म्हटलं नाही. म्हटलं, ये आणि बघ, मग बोलू.

५ नोव्हेंबर

ही काल संध्याकाळी आली. चपला काढल्या न काढल्या की बाल्कनीत. मी मागोमाग. सगळं एका दमात सांगून टाकलं, विषाणू, रंग, जाळलेली रोपं. म्हटलं, मी वाचवायला गेलो आणि दुसरंच काहीतरी करून बसलो.

ती ऐकत होती की नाही कोण जाणे. वाकून फुलाखाली हात धरला.

"अहो," म्हणाली, "हा तर पहिला डेलिया."

"म्हणजे?"

"मी शाळेत होते तेव्हा हा असाच होता. नुसता लाल. वेणीत घालून जायचे मी. पांढरं नंतर यायला लागलं, मी कॉलेजात गेल्यावर. बाबा म्हणायचे, आपल्या डेलियाचे केस पिकायला लागले." आणि ती रडायला लागली, हसत हसत. "अहो, तुम्ही त्याला परत तरुण केलंत."

मला रडू आलं होतं, तेही लिहून ठेवतो.

मग तिथेच खुर्च्या ओढून बसलो. तिने विचारलं, नऊ नंबरला एवढं काय सांगत होतात? म्हटलं, काही नाही, घरातलंच. "मग मला सांगा," म्हणाली. सांगत बसलो. चहा दोनदा गार झाला, दोनदा गरम केला. आज सकाळी पेपर अर्धाच वाचून झाला, ती मधेमधे बोलत होती.

आता वही उघडली आहे, पण लिहायला काही उरलेलं नाही. सगळं बोलून झालं.